पश्चिमेची भिंत आधी: नागपूरच्या जुन्या घरात बाहेरच्या भिंतींचं इन्सुलेशन आणि फटबंदी

मे महिन्यात रात्री दहा-अकराच्या सुमाराला पश्चिमेकडच्या भिंतीला आतून हात लावून बघा. सूर्य मावळून तीन-चार तास झालेले असतात, तरी भिंत तव्यासारखी कोमट लागते. नऊ इंची विटेच्या भिंतीतून उष्णता आत यायला साधारण सहा ते आठ तास घेते. दुपारी तीन-चारला बाहेरून शोषलेलं ऊन आपण झोपायला जातो तेव्हा खोलीत उतरायला लागतं. कूलर रात्रभर चालूनही खोली निवत नाही, त्याचं एक मोठं कारण हे आहे.

धंतोली, रामदासपेठ, धरमपेठेतली १९५० ते १९८० च्या दरम्यानची घरं बहुतेक नऊ इंची विटेची, दोन्हीकडून सिमेंटची छपाई केलेली. महाल, इतवारीतली घरं त्याहून जुनी, चौदा ते अठरा इंची, चुन्यात किंवा मातीत बांधलेली. या दोन प्रकारच्या भिंतींना एकच इलाज चालत नाही. म्हणून सामान आणण्याआधी भिंत ओळखावी.

भिंत ओळखणं

जाडी खिडकीच्या चौकटीपाशी मोजा आणि त्यातून दोन्ही बाजूंच्या छपाईचे सव्वा ते दीड इंच वजा करा. मग एखाद्या आडबाजूच्या कोपऱ्यात छपाई थोडी उकरून सांध्यातला मसाला बघा. खिळ्याने ओरखडा काढला आणि खिळा घसरला, रंग करडा असला, तर सिमेंट. ओरखडा सहज पडला, भुगा पांढुरका आणि मध्ये चुन्याचे छोटे पांढरे खडे दिसले, तर चुना. मग मसाल्याचा एक खडा पेलाभर पाण्यात टाका. दहा-पंधरा मिनिटांत विरघळून गाळ झाला तर माती.

चुन्याच्या आणि मातीच्या भिंती ओल शोषतात आणि सोडतात. त्यांच्यावर सिमेंटची कडक छपाई, थर्माकोल किंवा प्लास्टिक रंग चढवला की ओल आत कोंडते, विटांचा भुसा होतो आणि चार-पाच वर्षांत छपाई पापुद्र्यासारखी सुटते. घर वारसा यादीत असेल तर बाहेरून हात लावण्याआधी हेरिटेज समितीची परवानगी लागते, हेही आधीच बघून घ्या.

कोणती भिंत, हे सूर्य ठरवतो

नागपूर २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या शेवटी, म्हणजे नेमक्या नवतप्याच्या दिवसांत, दुपारचा सूर्य डोक्यावर येतो. त्यामुळे भर उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळजवळ पडत नाही. तिला फक्त सज्जा पुरतो, आणि हिवाळ्यात तिच्यावर पडणारं ऊन हवंसंच असतं. पूर्वेची भिंत सकाळी तापते, पण तिची उष्णता दुपारी खोलीत येते, तेव्हा कूलर चालूच असतो. खरी वैरी पश्चिमेची. जूनमध्ये सूर्य पश्चिमेच्या जवळपास २५ अंश उत्तरेकडे मावळतो, म्हणून वायव्येकडचा कोपराही तिच्यासोबत धरावा.

सज्जा वाढवून पश्चिमेचं ऊन अडत नाही. मेमध्ये दुपारी चारला सूर्य क्षितिजापासून साधारण ३७ अंशांवर असतो. दोन फुटी सज्ज्याची सावली तेव्हा भिंतीवर दीड फूट पडते, पाचला जेमतेम दहा इंच.

शेजाऱ्याच्या भिंतीला चिकटलेल्या भिंतीवर ऊन पडतच नाही, तिच्यावर खर्च करू नका. आणि खोलीच्या वर उघडा स्लॅब असेल तर पहिले पैसे गच्चीवर लावा, कारण आडवा स्लॅब दिवसभर ऊन खातो. कवेलूच्या घरात भिंतीचा माथा आणि छप्पर यांच्यामधल्या मोकळ्या जागेतून झळ थेट आत येते. तिथे आधी माळा किंवा फॉल्स सीलिंग, भिंतीचा विचार नंतर.

खात्री करण्याचा स्वस्त उपाय आहे. वीस-पंचवीस हजारांच्या कामाला हात घालण्याआधी एक एप्रिल-मे पश्चिमेच्या भिंतीवर बाहेरून बांबूच्या ताट्या किंवा हिरवी जाळी बांधा. ती भिंतीला चिकटवू नका. सहा ते आठ इंच अंतर ठेवा, वर आणि खाली मोकळं सोडा, म्हणजे मधली गरम हवा वर निघून जाते. साधं तापमापक रात्री दहाला पश्चिमेच्या भिंतीला आतून टेकवून दहा मिनिटं ठेवा, मग घरातल्या मधल्या भिंतीला. ताट्यांशिवाय दोन्हींत चार-पाच अंशांचा फरक येत असेल आणि ताट्या लावल्यावर तो बराच उतरत असेल, तर दोष भिंतीचाच. फरक आधीपासूनच नगण्य असेल तर उष्णता दुसरीकडून येते आहे. भाड्याच्या घरात तर ताट्यांवरच थांबणं शहाणपणाचं.

हंगाम

दिवाळी झाली की काम काढा आणि फेब्रुवारीअखेर संपवा. एप्रिल-मेमध्ये छपाई ओली असतानाच ऊन तिच्यातलं पाणी ओढून घेतं आणि केसासारख्या भेगा पडतात. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत भिंत वाळतच नाही.

लाकडी झडपांच्या फटी मात्र मार्चमध्ये मोजाव्यात. पावसाळ्यात सागवान फुगतं, झडप अडकते आणि सुताराला बोलावून रंधा मारला जातो. तेच लाकूड एप्रिलमध्ये आकसलं की तिथे अडीच-तीन सुतांची, म्हणजे आठ-नऊ मिलिमीटरची फट उरते. ऑगस्टमध्ये रंधा मारू नका. फारच अडत असेल तर पॉलिश पेपरने घासा.

ओल आणि भेगा: इथे घाई नको

ओल्या भिंतीवर थर चढवणं म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणं. फूटभर लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर आतून चारही बाजूंनी टेप लावून चिकटवा आणि २४ तासांनी बघा. प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला दमट झालं तर ती खोलीतल्या हवेची आहे. हे जोत्यापासून एक फूट, तीन फूट आणि खिडकीखाली, असं तीन ठिकाणी करा.

खाली तीन फुटांपर्यंत पोपडे आणि पांढरा खार असेल तर जमिनीतून ओल चढते आहे. बाहेरची माती जोत्यापेक्षा वर आली असेल तर ती आधी उतरवा, पाण्याला भिंतीपासून दूर जायला उतार द्या आणि तेवढ्या पट्ट्यातली छपाई विटेपर्यंत काढून भिंत उघडी ठेवा. भिंत वाळायला ढोबळमानाने जाडीच्या प्रत्येक इंचाला एक महिना धरतात. नऊ इंची भिंत पावसाळ्यात ओली झाली असेल तर ती याच हिवाळ्यात तयार होईलच असं नाही. वर्षभर थांबावं लागलं तरी थांबा. खिडकीखालची ओल बहुधा चौकटीखालच्या फुटलेल्या ओट्यातून किंवा कूलरच्या टाकीच्या गळतीतून येते. कूलरखालच्या भिंतीवर हिरवट ओघळ दिसत असतील तर आणखी शोधायची गरज नाही. स्टँड भिंतीपासून सरकवा आणि सांडपाण्याला पाइप जोडा.

आता भेगा. नागपूरच्या बऱ्याच भागांत पायाखाली काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि घर तिच्याबरोबर किंचित हलतं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या निघालेल्या भेगा बहुधा याच. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी रेघ मारून तारीख लिहा आणि मध्ये रुंदी मोजून नोंदवा. मेमध्ये उघडणारी आणि सप्टेंबरमध्ये मिटणारी भेग सिमेंटने भरली तर ती पुढच्याच मेमध्ये शेजारून फुटते. ती व्ही आकारात पाव इंच उघडा, ब्रशने साफ करा आणि लवचिक पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भरा. दोन्ही हंगामांत न हललेली भेग मसाल्याने भरली तरी चालते. वर्षागणिक रुंद होणारी किंवा पाव इंचाहून मोठी भेग स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवल्याशिवाय कोणत्याही थराखाली झाकू नका.

फटबंदी

तीन मिलिमीटरची फट डोळ्यांना क्षुल्लक वाटते. चार बाय चार फुटांच्या दोन झडपांच्या खिडकीला चौकटीचा घेर १६ फूट आणि मधला सांधा ४ फूट. एवढ्या लांबीवरच्या तीन मिलिमीटरच्या फटी एकत्र केल्या तर भिंतीत सव्वापाच इंच लांब-रुंद भोक पाडल्यासारखं होतं. अशा चार खिडक्या आणि दाराखालची अर्धा इंच फट धरली की दुपारची लू कुठून येते ते कळतं.

फटी शोधायला वारा असलेली दुपार निवडा. सगळी दारं-खिडक्या लावा, कूलर आणि पंखे बंद करा, स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा चालू करा. या वेळी गॅस गीझर बंदच हवा, कारण पंखा त्याचा धूर उलटा घरात ओढू शकतो. पेटलेली उदबत्ती चौकटींच्या कडेने, स्विचबोर्डांवरून, एसीच्या पाइपाच्या भोकापाशी, केबल आत येते तिथे, स्लॅबखालच्या झरोक्यांपाशी आणि बाथरूमच्या पाइपांभोवती हळूहळू फिरवा. पडदे बाजूला करा. धूर वाकला किंवा थरथरला तिथे खडूने खूण करा. लोक खिडक्यांवर वेळ घालवतात आणि जुन्या डिश अँटेनाच्या केबलचं भोक तसंच राहतं.

भरायचं काय, हे फटीच्या रुंदीवर ठरतं. चौकट आणि भिंत यांच्यामधली पाच मिलिमीटरपर्यंतची फट रंग बसणाऱ्या अ‍ॅक्रिलिक सीलंटने भरा. सिलिकॉनवर रंग धरत नाही, ते काच आणि बाथरूमसाठी ठेवा. पाच ते वीस मिलिमीटरच्या फटीत आधी फोमची गोल दोरी दाबून बसवा. ती बॅकर रॉड म्हणून मिळते, फटीपेक्षा थोडी जाड घ्यायची. तिच्यावर पीयू सीलंट, फटीच्या रुंदीच्या निम्म्या जाडीचं. दोरी न घालता सीलंट कोंबलं तर ते तिन्ही बाजूंना चिकटतं, ताणायला जागा उरत नाही आणि मधोमध फाटतं. पाच मिलिमीटरच्या सांध्याला ३०० मिलिलिटरच्या एका ट्यूबमध्ये वाया जाणारं धरून साधारण दहा मीटर होतं, म्हणजे चार फुटी दोन खिडक्या.

त्याहून मोठ्या पोकळीत स्प्रेचा पीयू फोम. आधी पाणी शिंपडा, डबा उलटा धरा, पोकळी निम्मीच भरा कारण तो फुगतो. वाळल्यावर कापा आणि छपाईने झाका. उघडा फोम आपल्या उन्हात तपकिरी होऊन एक-दोन वर्षांत भुगा होतो. हातमोजे घाला, हाताला लागला तर तो दिवसेंदिवस जात नाही. गीझरच्या धुराड्याभोवती किंवा गरम पाइपांभोवती तो कधीही नको.

झडपांसाठी रबरी पट्टी. फट किती हे नजरेने कळत नाही. कणकेची छोटी गोळी प्लास्टिकमध्ये गुंडाळून चौकटीवर ठेवा, झडप लावा, उघडा आणि चपटी झालेली जाडी मोजा. वर, मध्ये, खाली तिन्ही ठिकाणी. जुन्या झडपा वाकलेल्या असतात आणि तिन्ही मापं वेगळी येतात. तीन मिलिमीटरपर्यंत ई आकाराची, पाचपर्यंत पी आकाराची, त्याहून थोडी जास्त असेल तर डी आकाराची ईपीडीएम पट्टी (ऊन सोसणाऱ्या रबराची) घ्या. स्पंजची स्वस्त पट्टी एका उन्हाळ्यात गळून पडते, कारण तिचा गोंद पश्चिमेच्या खिडकीत वितळतो. ईपीडीएमसुद्धा जुन्या ऑइल पेंटवर सरळ चिकटवू नका. पॉलिश पेपर मारा, थिनरने पुसा, चिकटवा आणि वर दर सहा इंचांवर छोटी पितळी चूक ठोका. दाराखाली स्क्रूने बसणारी ब्रशपट्टी लावा. फरशी उंच-सखल असते तिथे रबरापेक्षा ब्रश चांगला.

कूलर आहे हे विसरू नका

थंड देशांसाठी लिहिलेले सल्ले इथे उलटतात. एसीच्या खोलीत सगळं बंद केलं तर फायदा आहे. कूलर मात्र बाहेरची हवा ओली करून आत ढकलतो, आणि तेवढीच हवा बाहेर जायला वाट लागते. वाट नसेल तर पंखा ओढत राहतो, हवा येत नाही, खोली दमट होते, कपाटातल्या कपड्यांना बुरशी लागते. मग लोक म्हणतात की इन्सुलेशनमुळे घर घामट झालं.

तासाला ३,००० घनमीटर हवा देणाऱ्या कूलरसाठी साधारण चार चौरस फुटांची वाट ठेवा, म्हणजे दोन बाय दोनची उघडी झडप. ती कूलरच्या समोरच्या बाजूला, शक्यतो लांबच्या कोपऱ्यात, सावलीकडच्या भिंतीत असावी. म्हणून फटी कायमच्या बुजवा, पण झरोके आणि एक खिडकी उघडझाप होणारी ठेवा. झरोका विटांनी बुजवण्याऐवजी त्याला रबरी पट्टीची छोटी झडप बसवा. कूलर चालू तेव्हा उघडी, एसी चालू तेव्हा बंद.

कूलर आणि चौकट यांच्यामधल्या जागेत पुठ्ठा किंवा थर्माकोलचे तुकडे खोचलेले असतात. त्यातून ओली हवा परत बाहेर जाते आणि कूलरच्याच ताट्यांतून पुन्हा ओढली जाते. आधीच दमट झालेल्या हवेला वाळा काय गार करणार? चौकटीच्या मापाची १२ मिलिमीटरची वॉटरप्रूफ प्लायची पट्टी कापा, कडेला रबर लावा आणि स्क्रूने बसवा. हंगाम संपल्यावर त्याच चौकटीत बसणारं झाकण करून ठेवा: प्लाय आणि आतून २५ मिलिमीटर थर्माकोल. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहाच्या आसपास उतरतो तेव्हा तेही उपयोगी पडतं.

स्वयंपाकघर आणि गॅस गीझर असलेलं बाथरूम पूर्ण बंद करायचं नाही. तिथला झरोका कायम उघडा हवा, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. फटी बुजवलेल्या खोलीत हिवाळ्यात शेगडीही पेटवू नका.

थर बाहेरून की आतून

सिमेंटमधल्या नऊ इंची भिंतीतून, आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना, दर चौरस मीटरला साधारण २ वॅट उष्णता जाते. २५ मिलिमीटर थर्माकोल चढवला की ती ०.८५ च्या आसपास येते, ५० मिलिमीटरला ०.५५, ७५ ला ०.४. पहिल्या इंचात सर्वात मोठी घट होते, दुसऱ्या इंचात बरी, तिसऱ्यात थोडी. म्हणून ५० वर थांबणं परवडतं.

थर बाहेरून द्यावा असं आमचं स्पष्ट मत आहे. बाहेर थर असला की ऊन विटेपर्यंत पोचत नाही, आणि वीट खोलीच्या गारव्याबरोबर राहते. पहाटे खिडक्या उघडून गार केलेली भिंत दुपारपर्यंत साथ देते. आतून थर दिला तर वीट रोजच्यासारखीच तापते, फक्त खोली तिच्यापासून तुटते. बाहेर जागाच नसेल, गल्ली अरुंद असेल किंवा थर शेजाऱ्याच्या हद्दीत जात असेल, तर आतून. त्यासाठी पत्र्याच्या सांगाड्यात ५० मिलिमीटर रॉकवूल (दगडाच्या तंतूंची लोकर) आणि वर जिप्सम बोर्ड. खोली अडीच-तीन इंचांनी कमी होते. या थराच्या आतल्या बाजूने प्लास्टिकचा कागद किंवा व्हिनाइल वॉलपेपर लावू नका. थंड देशांत तसं करतात, कारण तिथे बाष्प आतून बाहेर जातं. इथे जुलैत बाहेरची दमट हवा एसीच्या गार खोलीकडे येते आणि प्लास्टिकमागे पाणी साचतं.

चुन्याच्या आणि मातीच्या जाड भिंतींना यातलं काही नको. त्यांच्यासाठी चुना आणि परलाइटची (फुगवलेल्या हलक्या खनिजाच्या दाण्यांची) छपाई. एका वेळी १५ ते २० मिलिमीटरपेक्षा जाड थर नाही, दोन थरांत आठवडाभर अंतर, एकूण ४० मिलिमीटर. चौदा इंची भिंतीतून येणारी उष्णता त्याने साधारण एक तृतीयांश कमी होते आणि भिंत श्वास घेत राहते. आधी तीन बाय तीन फुटांवर करून महिनाभर बघा. वर पांढऱ्या चुन्याची सफेदी द्या, प्लास्टिक इमल्शन नाही.

बाहेरचा थर: सामान आणि काम

बारा बाय दहा फुटांची भिंत आणि त्यात चार बाय चारची खिडकी धरू. उरतात १०४ चौरस फूट, म्हणजे पावणेदहा चौरस मीटर. सामान असं:

- ५० मिलिमीटर थर्माकोलच्या पाट्या, १ मीटर × ०.५ मीटर: २२ नग. घनता किमान १८ ते २० किलो घनमीटरला, आग न पसरवणाऱ्या दर्जाच्या, आयएस ४६७१ प्रमाणे. पॅकिंगचा ठिसूळ पांढरा थर्माकोल चालत नाही.
- चिकटवण्याचा आणि वरच्या थराचा पॉलिमर मसाला: दोन्ही मिळून सुमारे ९० किलो, २५ किलोच्या चार गोण्या.
- फायबरग्लासची जाळी, १६० ग्रॅमची, अल्कली सहन करणारी: १२ ते १३ चौरस मीटर.
- प्लास्टिकचे छत्रीवाले खिळे: चौरस मीटरला सहा, म्हणजे ६०.
- तळाची पट्टी १२ फूट आणि जाळीवाले कोपरे: खिडकीच्या तीन बाजू आणि भिंतीच्या मोकळ्या कडा मोजून.

खिळ्याची लांबी अशी काढतात: पाटी ५०, मसाला १०, जुनी छपाई २०, विटेत ५०. बेरीज १३०, म्हणून १४० मिलिमीटरचा घ्या. जुन्या विटेत ड्रिलचा हॅमर बंद ठेवून फक्त फिरवून भोक पाडा, नाहीतर वीट फुटून खिळा सैल बसतो.

काम सुरू करण्याआधी भिंतीवरचं सगळं उतरवा: नळाच्या पाइपांचे क्लँप, एसीचं स्टँड, वायरी. एसीचा स्टँड नंतर थर्माकोलवर कसायचा नाही. लांब अँकर विटेपर्यंत न्या आणि मध्ये टणक टेकू द्या. पीव्हीसी वायर थर्माकोलला लागून राहिली तर तिचं आवरण कडक होऊन तडकतं, म्हणून ती पाइपातून न्या. मीटर आणि बोर्डाच्या आसपास थर्माकोलऐवजी रॉकवूल वापरा. आणखी एक गोष्ट सगळे विसरतात: बाहेर उघडणाऱ्या झडपा पूर्वी भिंतीला सपाट टेकायच्या, आता भिंत दोन इंच पुढे आल्यावर टेकणार नाहीत. झडपा अडकवायचे आकडे कुठे येतील ते आधीच बघून ठेवा.

मग पूर्ण भिंतीवर हातोडीच्या दांड्याने ठोका. पोकळ आवाज येईल तिथली छपाई काढा आणि नवी करा. सुटलेला रंग खरवडा, भिंत धुवा, वाळू द्या. ओळंबा लावा. दोन मीटरच्या पट्टीखाली दहा मिलिमीटरहून जास्त खड्डा असेल तर तो मसाल्याने आधीच भरा, पाटीमागे जाड मसाला लावून सपाटी साधू नका.

तळाची पट्टी जमिनीपासून एक फूट वर, लेव्हल ट्यूबने. त्याहून खाली थर नेला तर पावसाचे शिंतोडे, वाळवी आणि उंदीर तिन्हींना वाट मिळते.

पाटीच्या मागे चारही कडांनी मसाल्याची सलग पट्टी आणि मध्ये तीन गोळे. एकूण किमान ४० टक्के भाग चिकटला पाहिजे. मिस्त्री घाईत फक्त पाच गोळे लावतात. मग पाट्यांमागे सलग पोकळी राहते, तिच्यातून हवा खेळते, थर असून नसल्यासारखा होतो आणि मुंग्या-गांधीलमाश्या घर करतात. पहिल्या दोन पाट्या लावल्यावर लगेच एक उपटून मागे बघा. नंतर पाहता येत नाही.

पाट्या विटांसारख्या सांधे मोडून लावा. खिडकीच्या कोपऱ्यावर सांधा येऊ देऊ नका. पाटी एल आकारात कापून कोपऱ्याभोवती बसवा. खिडकीच्या आतल्या कडांना २० मिलिमीटरची पातळ पाटी लावा, नाहीतर तेवढ्या पट्ट्यातून ऊन आत येत राहतं. दोन पाट्यांमधली फट मसाल्याने भरायची नाही, तिथून उष्णता जाते आणि सांधा रंगातून उमटतो. थर्माकोलच्या चिपट्या किंवा फोम घाला. थिनर, ऑइल पेंट किंवा थिनर असलेला गोंद थर्माकोल विरघळवतो, आसपासही नको.

दोन दिवसांनी उंचवटे घासून काढा आणि खिळे मारा. उघड्या पाट्या दोन आठवड्यांहून जास्त उन्हात ठेवू नका, पृष्ठभाग पिवळा पडून भुगा होतो आणि मसाला धरत नाही. खिडकीच्या चारही कोपऱ्यांवर आधी एक फूट × आठ इंच जाळीचा तुकडा तिरका चिकटवा. हा तुकडा गाळला की वर्षभरात नेमकी तिथेच तिरकी भेग येते. मग तीन मिलिमीटर मसाला, त्यात ओलं असतानाच जाळी दाबून, दर जोडावर चार इंच एकमेकांवर चढवून, आणि वर पुन्हा पातळ थर. जाळी मसाल्याच्या वरच्या तिसऱ्या भागात असावी, दिसू नये. आधी थर्माकोलवर जाळी ताणून वर मसाला फासला तर ती काहीच धरत नाही. मसाल्याच्या गोणीवर लिहिल्याप्रमाणे तराई करा, आणि पश्चिमेचं काम सकाळी उरकून दुपारी हिरवी जाळी टांगा.

रंग फिका हवा. पांढरा, मलई, फिका राखाडी. गडद रंगाची पश्चिमेची भिंत नागपूरच्या उन्हात इतकी तापते की खालचा थर्माकोल मऊ पडून फुगवटे येऊ शकतात. तो साधारण ८० अंशांच्या पुढे टिकत नाही.

खिडकीचा ओटा आता दोन इंच लांब लागतो. तो नव्या भिंतीपुढे किमान दीड इंच यावा, बाहेर उतार असावा आणि खाली पाणी तुटायला खाच असावी. ओटा आणि थर यांच्या सांध्यात पीयू सीलंट. बहुतेक कामं इथेच फसतात, कारण हा सांधा शेवटच्या दिवशी घाईत होतो.

शेवटचं बिल देण्याआधी पाणी मारून बघा. घरातल्या माणसाला आत टॉर्च घेऊन खिडकीपाशी उभं करा. बाहेरून पाइपाने तळाच्या पट्टीवर दहा मिनिटं पाणी मारा, मग ओट्यावर, मग खिडकीच्या बाजूंना, सगळ्यात शेवटी वरच्या सज्ज्याच्या सांध्यावर. नेहमी खालून वर. वरून सुरू केलं तर पाणी ओघळून सगळीकडे पोचतं आणि शिरलं कुठून ते कळत नाही. आत ओल दिसली की पाणी थांबवा, त्या उंचीवर बाहेर पेन्सिलीने खूण करा, आणि मिस्त्रीकडून दुरुस्ती तिथूनच सुरू करून घ्या.